वाळवंटात निघालेल्या भाचीस

दापोडी, पुणे

चि. भाचीबाईंस,

संयुक्त अरब अमिरातीत दरवर्षी 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी असते. कतारमध्ये ही बंदी 1 जूनलाच लागू होते आणि सकाळी दहा ते दुपारी साडेतीन चालते. कुवेतमध्ये अकरा ते चार. भाचीबाईंना दुबईजवळच्या सौरऊर्जा प्रकल्पावर इंटर्नशिप मिळाली ती नेमकी याच दिवसांत. घरात पेढे वाटून झाले, मावशीने बुर्ज खलिफासमोरच्या फोटोची फर्माईश केली, आजीने लोणच्याची बरणी भरून ठेवली. त्या अडीच तासांचा विचार मात्र कोणीच केलेला दिसत नाही. मामाच्या मते तयारीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

फुगेवाडीच्या काकूंचा मुलगा गेल्या उन्हाळ्यात अशाच एका प्रकल्पावर राहून आला. मेकॅनिकलचा, तिसऱ्या वर्षाचा. पहिला आठवडाभर त्याला कंटेनरच्या ऑफिसात एसीखाली बसवून एक्सेलचे तक्ते भरायला दिले. बाहेर ऊन, आत स्वेटर. कोणी त्रास दिला नाही आणि कोणी काही शिकवलंही नाही. शेवटी त्याने एका सुपरवायझरला विचारलं, तुमची माणसं साइटवर जातात तरी कधी? उत्तर मिळालं, पहाटे साडेचारच्या बसने. दुसऱ्या दिवशी तो त्या बसमध्ये बसला. त्याची खरी इंटर्नशिप त्या दिवशी सुरू झाली.

पहाटे त्याने पाहिलं ते कुठल्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. आखाताच्या किनाऱ्यालगतची हवा कमालीची दमट असते आणि रात्री थंड झालेल्या काचेवर दव साचतं. पॅनलवर आधीच बसलेली बारीक धूळ त्या दवात भिजते, ओघळते आणि खालच्या कडेला येऊन थांबते. सूर्य वर आला की त्या चिखलाची खपली होते. चार बोटं रुंदीचा तो पट्टा नखाने खरवडला तरी सहज सुटत नाही. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे एका ओळीवर सावली पडली तरी तिच्याबरोबरच्या इतर सेलचं उत्पादनही घसरतं. वरून स्वच्छ दिसणारं पॅनल कमी वीज का देतं, याचं उत्तर त्या मुलाला त्या पट्ट्यात सापडलं. मोठ्या प्रकल्पांवर रांगांवरून सरकणारे ब्रश लावलेले रोबो धूळ झाडतात, तेही पाण्याविना. कोणत्या रांगेवर ते कधी फिरवायचे आणि आधी दव वाळू द्यायचं की नाही, यावर सुपरवायझरमध्ये रोज वाद व्हायचा. त्या वादातच तो अर्धं शिकला.

दुसरी गोष्ट उन्हाची. जास्त ऊन म्हणजे जास्त वीज, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. पॅनलला लागतो तो प्रकाश; उष्णता त्याची वैरी. पॅनलवर लिहिलेली क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला सिलिकॉनच्या पॅनलचं उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटतं. वाळवंटात भर दुपारी पॅनलचं तापमान 65 अंशांवर गेलं, तर चाळीस अंशांच्या फरकाने 12 ते 16 टक्के क्षमता उन्हातच विरते. भाचीबाईंनी हा हिशेब पहिल्याच आठवड्यात स्वतः थर्मामीटर लावून करावा, प्रोजेक्टचा विषय आपोआप हाती लागेल.

हा खेळ तिथे कोणत्या प्रमाणात चालतो, त्याचीही कल्पना असावी. दुबईच्या दक्षिणेला सैह अल दहल इथे मोहम्मद बिन राशिद अल मकतूम सौर उद्यान आहे. 2013 साली त्याचा पहिला टप्पा 13 मेगावॅटचा होता. 2030 पर्यंत 5000 मेगावॅट गाठायचं, असं लक्ष्य ठेवून ते वाढवत नेलं. तिथल्याच एका टप्प्यात 263 मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. जमिनीवरचे हजारो आरसे सूर्यप्रकाश त्याच्या माथ्यावर फेकतात, ती उष्णता वितळलेल्या क्षारांत साठवली जाते आणि रात्री तिच्यावर वीज तयार होते. अबुधाबीतल्या स्वैहानचा नूर अबुधाबी प्रकल्प 2019 मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता 1177 मेगावॅट आणि पॅनल 32 लाखांच्या आसपास. इतक्या पॅनलांवर धुळीमुळे एक टक्का जरी वीज बुडाली तरी तो आकडा केवढा होतो, हे भाचीबाईंना सांगायला नको.

आता शरीराबद्दल. मामाची नोकरी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत गेली. तिथे मे महिन्यात बसच्या सांगाड्यावर पत्रा ठोकताना उघडा हात लावायची सोय नसे. तरीही पुण्याचं ऊन कोरडं. घाम येतो, वाळतो आणि अंग गार करून जातो. आखातात हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. म्हणून थर्मामीटरवर पुण्यासारखेच 40 अंश दिसले तरी शरीराला ते वेगळेच लागतात. कतारचा नियम याच कारणाने नुसत्या तापमानावर थांबत नाही. तिथे ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारा डब्ल्यूबीजीटी नावाचा निर्देशांक 32.1 अंशांच्या वर गेला, की वेळ कोणतीही असो, उघड्यावरचं काम थांबवावं लागतं.

नवख्या माणसाबद्दल अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेचा नियम सरळ आहे. पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या वेळेच्या वीस टक्केच, मग रोज वीस टक्क्यांनी वाढवायचं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. काकूंच्या मुलाने साइटवर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मर्दुमकी दाखवून पूर्ण पाळी भरली. रात्री पोटऱ्यांत असे गोळे आले की त्याला जमिनीवर पाय टेकवेना. खोलीतल्या खेडच्या आचाऱ्याने त्याला मिठाचं लिंबूपाणी पाजलं आणि वर मालवणी शिव्याही दिल्या. भाचीबाईंनी बॅगेत ओआरएसची पाकिटं न्यावीत, पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे न्यावेत आणि डोकं दुखून मळमळायला लागलं की लाज न बाळगता सावलीत बसावं. बोलणं असंबद्ध झालं किंवा भोवळ आली, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे लिंबूपाण्यावर भागत नाही, ताबडतोब डॉक्टर लागतो.

कागदपत्रांच्या बाबतीत मामा जरा कडक बोलणार आहे. टुरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर बघू, असं कोणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करावा. त्या व्हिसावर काम करणं गुन्हा आहे. प्रशिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळा परवाना लागतो आणि तो काढायची जबाबदारी बोलावणाऱ्या संस्थेची. ऑफर लेटरमध्ये स्टायपेंड किती, राहायची सोय कुठे, साइटवर ने-आण कोण करणार, आरोग्य विमा कोणाचा आणि मुलींच्या राहण्याची व्यवस्था वेगळी आहे की नाही, हे लेखी असावं. तोंडी आश्वासनाला विमानतळाच्या पलीकडे काही किंमत नसते. पासपोर्ट कोणी 'सांभाळायला' मागितला तर देऊ नये. कामगाराचा पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं तिथे बेकायदा आहे. अडचण आलीच तर दुबईत भारतीय वाणिज्य दूतावास आहे आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे तक्रारीचं पोर्टल आहे. दोन्हींची माहिती फोनमध्ये आणि कागदावरही असू द्यावी.

आणखी एक, आजीसाठी. तिने गोडा मसाल्याची पुडी बांधली असेल तर त्यात खसखस आहे का ते विचारावं. अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत धरली जाते आणि विमानतळावर तिच्यापायी माणसं अडकलेली आहेत. अनारसेही त्याच कारणाने घरीच राहू द्यावेत. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ट्रामाडॉल हे वेदनाशामक आहे. दोन्हींवर तिथे कडक नियंत्रण आहे. औषध न्यायचंच असेल तर आधी तिथली परवानगी पाहावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. व्हॉट्सॲपवरून मेसेज जातात, पण कॉल सहसा लागत नाहीत, हे आजीला आत्ताच सांगून ठेवावं. नाहीतर पहिल्याच रात्री ती देव पाण्यात ठेवेल. परवानगीशिवाय लोकांचे फोटो काढणंही तिथे गुन्हा ठरतो, तेव्हा साइटवरच्या कामगारांचे फोटो न विचारता टाकू नयेत.

तिथला पाण्याचा प्रश्न आपल्या दापोडीशी जोडलेला आहे. पुणे-मुंबई रस्त्यावर अ‍ॅटलास कॉप्को, सँडविक आणि अल्फा लाव्हल या स्वीडिश मुळाच्या कंपन्या भाचीबाई लहानपणापासून बसमधून पाहतात. त्यातल्या अल्फा लाव्हलचा धंदा उष्णतेची अदलाबदल करणाऱ्या प्लेटांचा. समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडं पाणी काढायचं तर अशीच यंत्रं लागतात. दुबईचा नळ जवळजवळ पूर्णपणे समुद्रावर चालतो. जगातल्या समुद्रांत लिटरमागे सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात, आखातात ते 40 च्या वर जातात. पडद्यातून दाबाने पाणी गाळायच्या आधुनिक पद्धतीतही हजार लिटरला तीन ते चार युनिट वीज लागते. तिथे बादली भरताना वीजही खर्च होत असते, हे ध्यानात आलं की पॅनल पाण्याविना पुसायचा एवढा आटापिटा कशासाठी, तेही कळतं.

पाऊस नसेलच, असंही गृहीत धरू नये. 16 एप्रिल 2024 रोजी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पाऊस पडला. अमिरातीत 1949 पासून नोंदी आहेत आणि त्यांतला हा उच्चांक. दुबईचा विमानतळ ठप्प झाला, मोटारी रस्त्यांवर तरंगल्या. मुळा आणि पवनेला पूर आला की काठावरच्या वस्तीची काय गत होते ते पाहिलेल्या मुलीने तिथल्या इंजिनिअरांना विचारावं की केबलच्या खंदकांत शिरलेलं पाणी त्यांनी कसं काढलं.

वाळवंटाकडून शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात हात्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये 1965 साली नेटाफिम कंपनी ठिबक सिंचनासाठी निघाली. त्या तंत्राने पुढे आपल्याकडचे द्राक्षांचे, केळीचे आणि उसाचे मळे पोसले. जळगावच्या जैन इरिगेशनने तर 2007 मध्ये इस्रायलच्याच नानदान कंपनीशी भागीदारी केली. त्याच नेगेव्हमध्ये दिमोना गावी कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यू राहतात आणि त्यांच्या जुन्या पिढीच्या घरात मराठी बोलली जाते. दुबईतही आपली माणसं कमी नाहीत. धनंजय दातार 1984 मध्ये वडिलांच्या छोट्या किराणा दुकानात हाताखाली गेले आणि त्यातूनच अल अदील हा मसाल्यांचा व्यवसाय उभा राहिला. चिपळूण, खेड, रत्नागिरीची माणसं पिढ्यान्पिढ्या आखातात कामाला जातात. साइटवर हिंदी चालते, मल्याळमही. ड्रायव्हर, आचारी आणि वायरमन यांच्याशी ओळख ठेवली की शनिवार-रविवारी (2022 पासून तिथली सरकारी सुट्टी याच दोन दिवशी असते) कुठे जावं आणि कुठे जाऊ नये, हे आपसूक कळतं.

काकूंच्या मुलाने शेवटी अहवालात काय लिहिलं, ते भाचीबाईंनी त्याच्याकडून मागून वाचावं. पहिल्या आठवड्याच्या एक्सेलबद्दल त्यात अर्धं पान आहे, पहाटेच्या दवाबद्दल अकरा पानं. त्याच्या वहीत रोज पाच रकाने असत: वेळ, हवेचं तापमान, पॅनलचं तापमान, शेवटची सफाई कधी झाली आणि वीज किती आली. कंपनीची परवानगी घेऊन त्याने ते आकडे कॉलेजात मांडले. आता तो सोलापूरकडच्या शेतांवरल्या सौर पंपांची धूळ मोजायच्या मागे आहे. महाराष्ट्रात गावोगावी सौर कृषी पंप बसताहेत. त्यांचं पॅनल पुसायचं कोणी आणि कधी, हे सांगणारी माणसं मात्र थोडी आहेत.

तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी ऑफर लेटरची प्रत मामाला पाठवावी आणि संस्थेला मेल करून तीन गोष्टी लेखी मागवाव्यात: प्रशिक्षणाचा परवाना कोण काढणार, विमा कोणत्या तारखेपासून लागू होईल आणि आठवड्यातून किती दिवस साइटवर जाता येईल. तिसऱ्या प्रश्नाला 'ऑफिसातूनच काम' असं उत्तर आलं, तर पुण्यातच एखादी चांगली इंटर्नशिप शोधायला मामा मदत करेल.

आईला नमस्कार सांगावा. लोणच्याची बरणी चेक-इनच्या बॅगेत, झाकणाला टेप लावून.

तुझा,
मामा