बुलढाणा किती लांब आहे?

लेक जर्मनीत शिकायला गेली आणि आजवर एसटीच्या वेळांवर चालणाऱ्या आमच्या घरात विमानांच्या वेळा बोलल्या जाऊ लागल्या. तिची वाट बघता बघता उमगलेल्या या गोष्टी.

१. अंतर कळलं म्हणून वेळ कळत नाही. फ्रँकफर्ट ते मुंबई हवाई अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर; विमानाला साधारण ८ तास लागतात. मुंबईहून बुलढाणा सरळ रेषेत ४०० किलोमीटरही नाही, पण दारात पाय ठेवेपर्यंत तेवढाच, बहुधा त्याहून जास्त वेळ जातो. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा राग आला होता. अजूनही येतो.

२. तिकिटावरची वेळ ज्या त्या गावची असते. जर्मनीचं घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. हिवाळ्यात सरळ वजाबाकी केली तर येताना साडेबारा तास लागल्यासारखे वाटतात. जाताना मात्र खरोखरच तासभर जास्त लागतो, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येणाऱ्या लेकराला वारा पुढे ढकलतो, हे मला फार आवडलं.

३. विमान उतरलं म्हणजे माणूस घरी आलं नाही. पासपोर्टची रांग, सामान, मग मुंबईची गर्दी कापत स्टेशन. संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस मलकापूरला मध्यरात्रीनंतर सोडते. तिथून बुलढाणा ४५ किलोमीटरच्या आसपास, वाटेत राजूर घाट. त्या वेळी एकट्या मुलीनं कुठल्या गाडीत बसावं? म्हणून कुणीतरी घ्यायला जातं. ज्यांच्या घरी जायला कुणी नाही, ती मुलं फलाटावर उजाडायची वाट बघतात. छत्रपती संभाजीनगरपर्यंत विमानानं यावं, तरी पुढे दीडशेएक किलोमीटर रस्ता उरतोच. हा शेवटचा टप्पा कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो, आणि सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

४. वेगाचंही भय वाटतं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला. बुलढाण्याहून मेहकर किंवा सिंदखेड राजाकडे उतरून तो गाठावा लागतो, तरी मुंबई जवळ आली हे खरंच. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ बस पेटली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासून ‘किती वाजता पोचशील?’ हे मी गाडीत बसलेल्या कुणालाच विचारत नाही. ‘सावकाश ये’ एवढंच म्हणते.

५. गाव लांब असतं ते नकाशामुळे नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे आली ती घाटाखालून, मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी. जलंबहून खामगावला छोटा फाटा गेला, आणि घाटावरचं बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण असूनही रुळांविना राहिलं. खामगाव–जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. पिढ्यांमागून पिढ्यांनी निवेदनं दिली, सर्वेक्षणं पाहिली. चिखली, देऊळगाव राजाकडच्या पोरांना शिकायला-कमवायला बाहेर जावंच लागतं. निदान परतीची वाट तरी सोपी असावी. हा मार्ग आता कागदावरून जमिनीवर आलाच पाहिजे, आणि तोपर्यंत घाटावरच्या प्रत्येक घरानं तो मागत राहिलं पाहिजे.