मांजरपाट वाचवू नकोस

मुक्ता, पहिली गोष्ट ही की मांजरपाट वाचवू नकोस. आयटीआयत सरावाला जे कोरं, खरबरीत कापड मिळतं ते बिघडवण्यासाठीच असतं. मी शिवणाच्या वर्गावर शिल्पनिदेशक होते तेव्हा दर बॅचला दोन-चार हुशार मुली अशा असायच्या, ज्या सरावाच्या कापडावरसुद्धा जपून कात्री चालवायच्या. निदेशकांना विचारल्याशिवाय एक रेघ मारायच्या नाहीत. त्यांची फाइल देखणी व्हायची, नमुने चिकटवलेले, खाली सुबक अक्षरात नावं. पुढे दुकान टाकलं की त्यांच्या हातून पहिली चूक व्हायची ती गिर्‍हाईकाच्या रेशमावर. सरकार तुला वर्षभर चुकायला कापड देतंय, तोवर चुकून घे.

मुभा कशाची मिळते ते एका उदाहरणाने सांगते. बाहीला पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल कोरायचा असतो, म्हणून डावी बाही आणि उजवी बाही वेगळी. कापडाची दुहेरी घडी घालून कापलं तर दोन्ही आपोआप बरोबर निघतात. पण ब्लाऊजपीस अपुरा असतो, काठ एकाच कडेला असतो आणि दोन्ही बाह्यांचं टोक त्याच काठावर यायला हवं. मग घडी घालता येत नाही, एकेक बाही सुटी कापावी लागते. पहिली झाली की कागदी नमुना पालथा करून दुसरी कापायची. तो पालथा करायचा राहिला की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. मांजरपाटाला सुलट-उलट काही नसतं, बाही उलटी करून लावली की काम भागतं, आणि वर्गात हशा पिकतो तो वेगळा. जरीच्या काठाला मागून धागे सुटलेले असतात, तिथे उलटवण्याची सोय नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी ही चूक सरावात तीनदा करून बसली होती. चौथ्यांदा ती नमुन्यावर खडूने ‘पुढा’ लिहून मगच कापायला बसली, आणि मग कायमच तसं करू लागली. ज्यांची ही चूक वर्गात कधी झालीच नाही, त्यांना खडूची ती सवय लागली नाही.

आता तुझ्या बाबांनी तासांचं आणि पास होण्याचं विचारलेलं. तुमच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचे १,२०० तास असतात. त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे, उरलेले एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे. वर १५० तास बाहेर, प्रत्यक्ष कामाच्या जागी. पास व्हायला प्रात्यक्षिकात ६० टक्के लागतात, थिअरीला ३३ पुरतात. हे आकडे त्यांच्यासमोर ठेव. वही पाठ करून इथे कुणी पास होत नाही, आणि शाळेत मागच्या बाकावर बसलेल्या मुलीला इथे पुढे यायला वाव आहे. हजेरी मात्र ८० टक्के लागते. लग्नसराईत आईला मदत, गावची जत्रा, मावसबहिणीचं केळवण यांत खाडे होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये मुली माझ्या टेबलापाशी रडत उभ्या राहायच्या. त्या रडण्याचा काही उपयोग नसतो.

ते १५० तास कुठे काढायचे हे फार मन लावून ठरव. कपड्यांच्या कारखान्यात गेलीस तर दिवसभर एकच शिलाई घालशील, कॉलर तर कॉलर, खिसा तर खिसा. कंटाळा येईल, पण हाताला वेग येतो आणि टीप सरळ होते. गल्लीतल्या शिंप्याकडे गेलीस तर वेग येणार नाही, पण अख्खा कपडा दिसेल आणि गिर्‍हाईक दिसेल. मला विचारशील तर शिंप्याकडे जा. तिथे मास्टर कापड कापताना बघच, पण त्याहून नीट बघ एखादी बाई दोन पिशव्या घेऊन तावातावाने आल्यावर तो काय करतो. चांगला मास्टर आधी ब्लाऊज हातात घेतो, अंगावर घालायला सांगतो, मग बोलतो. वाईट मास्टर आधी बोलतो. हे कुठल्याच पुस्तकात नाही.

मापाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं तिथेच चुकतं. कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते. दर महिन्याला ती लोखंडी पट्टीवर ठेवून बघ आणि दोन सूत जरी फरक आला तरी फेकून दे. माप घेताना बाई श्वास ओढून उभी राहते, सगळ्याच राहतात. तिला तिच्या मुलीच्या शाळेबद्दल विचार. बोलायला लागली की श्वास सुटतो, तेव्हा टेप फिरव. बहुतेक जणी मात्र मापाचा म्हणून जुना ब्लाऊजच देतात. तो डोळे झाकून घेऊ नकोस. ‘हा तुम्हाला बसतो का? कुठे काचतो?’ एवढं विचारलंस की कळतं, की खांदा उतरतोय, गळा मागे ओढतोय आणि ती तीन वर्षं तशीच घालतेय. आधीच्या शिंप्याची चूक आपण इमानाने पुन्हा शिवायची, हे काम नव्हे. जे सांगेल ते मापवहीत तिच्या नावासमोर, तारखेसकट लिही.

अस्तर आणि सुती कापड आधी भिजव. टू बाय टूचं अस्तर आटतं, वरचं रेशीम आटत नाही, आणि पहिल्या धुण्यात ब्लाऊजला चुण्या पडतात. तेव्हा बाई तुझं नाव घेते, अस्तराचं नाही. बाजूच्या शिलाईला आत किमान इंचभर माया ठेव. लग्नातला ब्लाऊज बारशालाही घालायचा असतो. सुई चौदा नंबरची म्हणजे सगळ्याला चालते असं नाही, पातळ रेशमाला अकरा घे, आणि सुई बोथट व्हायची वाट न बघता बदल, तिची किंमत चहाएवढीही नाही. कापडाच्या कात्रीने कागद कापलेला मला अजूनही बघवत नाही.

तुझा मामेभाऊ फूड प्रॉडक्शनला गेलाय म्हणे. त्याच्याशी बोलणं झालं तर सांग, की हॉटेलच्या किचनमध्ये पहिले महिने कांदेच चिरायला देतात, त्याने तोंड वाकडं करू नये. शंभर लोकांची ग्रेव्ही करणारा आचारी त्याच कांद्यावरून ओळखतो की पोराला पुढे काय द्यायचं. संस्थेतलं रेशन सांडायचं ते आत्ताच सांडावं. आणि चव घेताना दर वेळी नवा चमचा. बाकी त्याच्या क्षेत्रातलं मला कळत नाही.

कॉस्मेटॉलॉजीला गेलेल्या तुझ्या मैत्रिणीसाठी एकच गोष्ट, पण ती तिच्याकडून वदवून घे. केसांना रंग लावण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस थांबायचं. गिर्‍हाईक म्हणेल, ‘अगं, नेहमी लावते मी, उद्या लग्नाला जायचंय.’ तरी नाही म्हणायचं. अ‍ॅलर्जी सवयीच्या बाईलाही अचानक उठते. नाही म्हणायचं धाडस अभ्यासक्रमात नसतं, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला चाळिशीच्या बाईला अडवणं जड जातं हे मला माहीत आहे. म्हणून सरावाच्या दिवसांत मुलींनी एकमेकींवर हे आळीपाळीने करून बघावं, एक हट्टी गिर्‍हाईक आणि दुसरी नाही म्हणणारी.

नातेवाईक विचारतील, ‘दहावीला मार्क कमी पडले का?’ उत्तर देत बसू नकोस. तुला बारावी करायचीच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, तारखा आत्ताच शाळेत विचारून ठेव. मला स्वतःला वाटतं की आपल्याकडे हाताचं शिक्षण दहावीच्या निकालानंतर, उरलेल्यांसाठी, असं ठेवलंय तिथेच गडबड आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेला अभ्यासक्रम शाळांमध्ये आठवी ते दहावीच्या सगळ्याच मुलांसाठी होता. पहिला येणाराही वेल्डिंग करायचा आणि माती तपासायचा. आता काही सरकारी शाळांत नववीपासून व्यवसाय शिक्षणाचा विषय असतो, ब्युटी अँड वेलनेस, पर्यटन, रिटेल असे पर्याय असतात. तुझ्या धाकट्या भावाच्या शाळेत आहे का बघ. असला तर त्याला घ्यायला लाव, आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षाही देऊ दे. ज्यांनी त्या दिल्यात, त्यांना कागदावर मुंढ्याची गोलाई एका झटक्यात काढता येते. वर्गात बसल्या बसल्या मी ओळखायची.

कागदपत्रांचं एवढंच: दहावीच्या गुणपत्रिकेवर तुझं नाव जसं आहे, अगदी वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगसकट, तसंच प्रवेशाच्या अर्जात आहे का ते आज तपास. प्रमाणपत्रावर एक अक्षर चुकलं की दुरुस्तीला हेलपाटे. कोर्स झाल्यावर अप्रेंटिसशिपला नाव घाल, विद्यावेतन मिळतं आणि राष्ट्रीय प्रमाणपत्रही. हा १९६१ चा कायदा आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

पैशाचं वर्गात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. दर ठरवताना फक्त शेजारची किती घेते ते बघू नकोस. दोरा, हूक, अस्तर, वीज आणि तुझे तास, हे एका कागदावर मांड. हे आत्ताच कर, सरावाच्या प्रत्येक कपड्यामागे, म्हणजे बाहेर पडशील तेव्हा तुला एका ब्लाऊजला किती वेळ लागतो ते माहीत असेल. तारीख देताना दोन दिवस पुढची दे. नवरात्र लागलं की नवीन काम घेऊ नकोस. सगळ्या घेतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तीन वाजता काजं करत बसतात. दारात बाई, घरात फराळाचं तसंच. उरलेलं कापड, काठाचा वीतभर तुकडा असला तरी, घडी करून ब्लाऊजच्या आत घालून परत दे. मागितल्यावर देणं वेगळं. मी असे शिंपी बघितलेत की ज्यांची टीप वाकडी होती, पण तुकडा परत यायचा म्हणून बायका नदीपलीकडून यायच्या.

आणि वर्ष संपायच्या आत एक खरा ब्लाऊज शिव. तो आईचा शिवू नकोस. आई घालेल, आरशात बघेल आणि छान झालाय म्हणेल. सुलभाकाकूचा शिव. ती दारातच हात वर करून बघेल, काखेत कुठे ओढतंय ते सांगेल, शिवाय चार जणींनाही सांगेल. उसव, पुन्हा शिव, पुन्हा ने. कापड आणि अस्तर तिच्याकडूनच घे, शिलाई घेऊ नकोस, पण किती झाली असती ते चिठ्ठीवर लिहून ब्लाऊजबरोबर दे.