न दिलेलं पत्र

रहिमतपूर,
आषाढ पौर्णिमा

चि. बाळ,
मामाचा सप्रेम जय भीम.

परवा फोनवर म्हणालीस, दिवसभर विम्याचे क्लेम तपासायचे, रात्री खोलीवर येऊन झोपायचं, यात जगण्यासारखं काय आहे? म्हणून इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला निघालीस. जरूर जा. दहा दिवस मौन, फोन जमा, पहाटे चारला उठणं, यानं तुझं चांगलंच होईल. पण आयुष्याचा हेतू तिथं कुठंतरी ठेवलेला आहे आणि तो उचलून पुण्याला आणायचा, अशा हिशेबानं मात्र जाऊ नकोस.

आजपासून वर्षावास. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन सुरू झालं. एकट्याच माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की मात्र त्यावाचून चालत नाही, असं बाबासाहेबांनी त्यात मांडलंय. ते ऐकताना मला मसूरची हकिगत आठवली. तुला ती ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो.

साल 1901. बाबासाहेब शाळकरी पोर. त्यांचे वडील रामजीबाबा खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते. मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं यांच्याबरोबर बाबासाहेब साताऱ्याहून रेल्वेनं निघाले. गाडी आपल्या रहिमतपूरवरूनच पुढं गेली, तो मार्गच आहे. मसूरला उतरले तर न्यायला कुणी नाही. जात कळल्यावर स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन एकजण तयार झाला, तोही पोरांनीच गाडी हाकायची आणि आपण पायी चालायचं या अटीवर. बरोबर जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

पुढं कळलं, पोरं येत असल्याचं पत्र वेळेत आलं होतं. घरच्या नोकरानं ते रामजीबाबांना दिलंच नव्हतं.

जातीचा अपराध तो जातीचाच. त्याची आणि या हलगर्जीपणाची बरोबरी मी करत नाही, कुणी केली तर ऐकूनही घेणार नाही. पण मी अडतो तो त्या नोकरापाशी. त्याला तरी कुठं ठाऊक होतं की आपल्या हातातल्या कागदावर पोरांची एक रात्र अवलंबून आहे! तुझ्या टेबलावरचे क्लेम असेच आहेत. मंजुरी येईना म्हणून डिस्चार्ज अडलेला, बिल वाढत चाललेलं, आणि काउंटरसमोर बसलेली कुणाची तरी आई. ती तुला दिसत नाही, म्हणून तुझं काम पोकळ वाटतं. मात्र खरा क्लेम मुद्दाम लटकवून ठेव असं वरून कुणी सांगितलं, तर ते सम्यक आजीविकेत बसत नाही. तशी वेळ आली तर दुसरी नोकरी बघ. तुझ्या आईची समजूत मी घालीन.

शिबिराला निघण्याआधी सिगालाचं सुत्त वाच. राजगृहाचा हा तरुण बापाच्या सांगण्यावरून रोज सकाळी ओलेत्यानं सहा दिशांना नमस्कार करायचा. बुद्धानं त्याला हसून वाटेला लावलं नाही. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण गुरुजन, पश्चिम बायकोपोरं, उत्तर मित्र, वर श्रमण-ब्राह्मण आणि खाली आपल्या हाताखाली राबणारी माणसं, असं सांगितलं. पाच दिशांबद्दल आपल्याकडं प्रवचनं भरपूर होतात, खालच्या दिशेला कुणी थांबत नाही. तिथं बुद्धाचं बोलणं अगदी व्यवहाराचं आहे. झेपेल तेवढंच काम द्यावं, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात बघावं, गोडधोड वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. आपल्या भागात आल्याच्या लागणीला वाकणाऱ्या बायांना आणि उसाच्या फडातल्या टोळ्यांना यातलं काय काय मिळतं, ते तू लहानपणापासून बघितलंयस.

त्याच सुत्तात पैशाचाही हिशेब आहे. कमाईचा एक भाग खाण्यापिण्याला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीला. तुझ्यासारख्या नोकरदारानं धंद्याऐवजी शिक्षण धरावं, असं मला वाटतं. तुझा पगार फोनच्या हप्त्यात आणि बाहेरच्या जेवणात जातो, आणि महिनाअखेरीस तुला जगण्याचा अर्थ आठवतो. रागावू नकोस, पण त्या उदासीतला थोडा वाटा रिकाम्या खात्याचा आहे.

इगतपुरीला जा, मन स्थिर करून ये. आल्यावर मला ध्यानात काय अनुभव आला ते नाही सांगितलंस तरी चालेल. तुम्हा मुलींच्या खोलीवर ज्या मावशी भांडी घासायला येतात, त्यांना आठवड्याची सुट्टी आहे का, आणि त्या दिवसाचे पैसे तुम्ही कापता का, हे मात्र लिहून कळव.

तुझा,
मामा