शिरःशूल, अनिद्रा आणि भ्रमणध्वनी : आदिवासी किशोरवयीनांच्या मनोव्यथेचा विचार

2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा कुटुंबांतील अनेक मुले आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहून शिकतात. घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी. बोलीची वा आडनावाची जी टवाळी पूर्वी वर्गात संपत असे, ती आता भ्रमणध्वनीवरून रात्री अंथरुणापर्यंत पोहोचते.

रुग्णवृत्त : मुलगी, वय 15, वसतिगृहात वास्तव्य. शिरःशूल, अनिद्रा, अरुची; काल दीड महिना. प्रथम मी सूतशेखर व ब्राह्मी वटी दिली. उपशय मिळाला नाही. दुसऱ्या भेटीत वडिलांना बाहेर बसवून विचारले, तेव्हा कळले की वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर तिच्या बोलण्याची नक्कल व छायाचित्रे फिरत होती. “मरावेसे वाटते का?” असे स्पष्ट विचारले. तिने मान हलवून होकार दिला. त्याच दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले.

हा प्रश्न शालेय वयापुरता नाही. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांचा 22 मे 2019 रोजी मुंबईत मृत्यू झाला. जातीवरून छळ झाल्याच्या कुटुंबीयांच्या आरोपांत व्हॉट्सॲप गटावरील टोमण्यांचाही उल्लेख होता.

चिकित्साविचार : चरकाचार्यांच्या मते सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. येथे अहितकर विषय रोज नव्याने समोर येतो. म्हणून निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा होय. मेध्य द्रव्ये साहाय्यक आहेत, पर्याय नव्हेत.

वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी पुढील दक्षता घ्यावी :

1. किशोरवयीन मुले झोपेचे वा डोकेदुखीचे औषध वारंवार मागत असल्यास एकांतात, शक्यतो त्यांच्या बोलीत विचारपूस करावी.
2. आत्महत्येविषयी स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही.
3. “फोन काढून घ्या” असा सल्ला पालकांना देऊ नये. त्या भीतीनेच मुले गप्प राहतात. संदेश पुसण्यापूर्वी क्रमांक व दिनांकासह जतन करावेत.
4. टेलिमानस 14416 व चाइल्डलाइन 1098 हे क्रमांक दुकानात दर्शनी लावावेत.
5. अठरा वर्षांखालील मुलांची अश्लील छायाचित्रे फिरत असल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे.

पहिल्या भेटीत मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली. प्रश्न मात्र विचारला नाही. वैद्यबंधूंनी ही चूक टाळावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.