सायकल आणि चढाचा हिशेब

रेल्वेवरचे पूल सोडले तर परळहून गिरगाव चौपाटीपर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट आहे. पुढे मलबार टेकडी लागली, की सायकल जड होते. का बरे?

तुमचे वस्तुमान 45 किलोग्रॅम, सायकलीचे 15 किलोग्रॅम आणि चढाची उंची 50 मीटर धरा. गुरुत्वाविरुद्ध करावे लागणारे कार्य = 60 × 9.8 × 50 = 29,400 ज्यूल. चढ 5 मिनिटांत चढलात तर 98 वॅट शक्ती लागेल. 10 मिनिटांत चढलात तर 49 वॅट. कार्य मात्र तेवढेच. घर्षण व हवेचा विरोध यांसाठी लागणारी शक्ती वेगळी.

उतारावर ही ऊर्जा परत मिळते, पण सगळी नाही. ब्रेक दाबले की तिची उष्णता होते. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो.

म्हणूनच कोकणातील चढउतारांच्या रस्त्यावर 10 मीटरांचे पाच चढ लागले, तर मलबार टेकडी चढल्याइतकेच कार्य होते, मग शेवटी तुम्ही मूळच्या उंचीवर का असेना!

तेव्हा सहलीचा मार्ग ठरवताना अंतराबरोबर सर्व चढांची बेरीजही करा. तुमच्या वस्तुमानासाठी हा हिशेब मांडून पाहा.