सुती कापडावरील वनस्पतिज रंग

ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ साली मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे वखारीसाठी जागा मिळविली, ती मुख्यतः चोलमंडल किनाऱ्यावरील सुती कापडासाठी. त्या कापडाचा प्रसिद्ध तांबडा रंग ‘चायवेर’ या लहानशा वनस्पतीच्या मुळांपासून काढीत. तमिळ भाषेत या शब्दाचा अर्थच ‘रंगाचे मूळ’ असा आहे. त्यातील एक प्रमुख रंगद्रव्य ॲलिझरिन होय.

लोकर व रेशीम हे प्रथिनांचे तंतू असल्याने ते वनस्पतिज रंग सहज धरतात. कापूस मात्र मुख्यतः सेल्युलोजचा असतो; त्यावर असे बहुतेक रंग टिकत नाहीत. म्हणून दोहोंना जोडणारे रंगबंधक लागते.

प्रथम कापड सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातील खळ व मेण काढावे. मग ते हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवावे. हिरड्यातील टॅनिन तंतूस चिकटते. त्यानंतर ते तुरटीच्या द्रावणात बुडवावे. १०० ग्रॅम कापडास साधारणपणे १५ ते २० ग्रॅम तुरटी पुरते. तुरटीतील ॲल्युमिनियम टॅनिन व रंगद्रव्य या दोहोंना जखडते आणि पाण्यात न विरघळणारे संयुग तंतूतच तयार होते. तुरटीऐवजी लोहक्षार घेतल्यास तांबड्याचा जांभळट काळा होतो.

१८६८ साली जर्मनीत ग्रेबे व लीबरमान यांनी ॲलिझरिन कृत्रिम रीतीने बनविले आणि पुढे मुळांची मागणी ओसरली. आज वनस्पतिज रंगांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. परंतु रंग वनस्पतीचा आहे एवढ्यानेच तो निर्दोष ठरत नाही. क्रोमियमचे क्षार रंग पक्का करतात, पण सांडपाणी दूषित करतात. तुरटी व टॅनिन मोजून वापरून तोच पक्केपणा साधणे, हीच खरी सुधारणा होय.