जमिनीखालची समाजरचना

आधी शिकारी, मग शेतकरी, मग गावप्रमुख, शेवटी राजा अशी एकच शिडी शालेय पुस्तकांनी आपल्या मनात उभी केली आहे. उच्च-नीच भाव त्या शिडीबरोबर आपोआप आलाच, असेही गृहीत धरले जाते. उत्खननातील पुरावा मात्र इतका सरळ नाही.

मोहेंजोदडोचेच पहा. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हे पक्क्या विटांचे, बांधीव गटारांचे शहर. पण राजाचा वाडा वा थडगे तेथे निश्चितपणे ओळखता आलेले नाही. याउलट, त्यानंतर कित्येक शतकांनी पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी वसलेले इनामगाव हे साधे खेडे. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. एका पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार निघाले. त्यावरून ते गावप्रमुखाचे असावे, असा डॉ. म. के. ढवळीकर यांचा निष्कर्ष आहे. कुंभार, चुना भाजणारे आदी कारागीर मात्र पश्चिमेच्या कडेला राहत.

हे वाचताना गावकुसाबाहेरची वस्ती आठवते, मलाही आठवली. परंतु भट्टीचा धूर आणि आगीची भीती हीही कारणे असू शकतात. आम्हा बँकेतील माणसांना व्हाउचरशिवाय नोंद करता येत नाही आणि जातीचे व्हाउचर या मातीत सापडलेले नाही.

विषमतेचा अधिक बोलका पुरावा बालकांच्या दफनात आहे. त्या काळी मृत मुलाला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. चांडोली व नेवासे येथे काही बालकांच्या गळ्यात तांब्याच्या माळा आढळल्या, इतरांजवळ नुसती मडकी. तान्ह्या लेकराने स्वतः काय कमावले असणार? तो मान घराण्याकडूनच आलेला.

पण ही व्यवस्थाही कायम टिकली नाही. इ.स.पू. १००० च्या सुमारास इनामगावात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. पाऊस घटला, शेती मागे पडली, लोक गुराढोरांमागे फिरू लागले, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. शिडी चढलेले गाव खाली उतरले म्हणावे, तर त्या झोपड्यांत राहणाऱ्यांना तसे वाटले असेल का, हे मडकी सांगत नाहीत. इ.स.पू. ७०० च्या सुमारास तीही वस्ती ओस पडली.